थेंब मोजू नका, वजन करा

प्रश्न : मी 43 वर्षांचा, लेस्टरला राहतो. 18 वर्षं सिगारेट ओढली, मग डिस्पोजेबल व्हेपवर (एकदा वापरून टाकायच्या ई-सिगारेटवर) आलो आणि सिगारेट सुटली. जून 2025मध्ये इथे डिस्पोजेबल बंद झाल्यावर पुन्हा भरता येणारा पॉड घेतला आणि लिक्विड घरीच बनवायला लागलो. एक मित्र म्हणतो थेंब मोज, दुसरा म्हणतो सिरिंज वापर, तिसरा म्हणतो वजन कर. 80 टक्के व्हीजी (ग्लिसरीन) घालून 60-60 मिलीच्या तीन बाटल्या केल्या. पहिली जळकी लागली, दुसरी मिरीसारखी झणझणली, तिसरीचा तळाचा भाग ओढताना गरगरलं. आमरसाची चव हवी आहे. घरात आंब्याचं इसेन्स आणि वेलचीचं तेल आहे, ते चालेल का? निकोटीन किती झालं ते तपासता येतं का? ते हळूहळू कमी करायचं आहे. घरात 4 वर्षांची मुलगी आहे, आणि डिसेंबरात पुण्याला जायचंय.

उत्तर : नमस्कार.

आधी मुलीचं बोलू. निक शॉट म्हणजे लिक्विडमध्ये मिसळायच्या निकोटीनची छोटी बाटली. 20 मिग्रॅच्या (म्हणजे प्रति मिली) 10 मिलीच्या एका निक शॉटमध्ये 200 मिलिग्रॅम निकोटीन असतं. 4 वर्षांच्या मुलीने त्यातलं एक-दोन मिली गिळलं तरी जीवावर बेतू शकतं, आणि फळांचा वास येणारी बाटली मुलांना सरबतच वाटते. विकतच्या शॉटला मुलांना न उघडणारं झाकण असतं. तुम्ही ज्या बाटलीत मिसळता तिलाही तसंच दाबून फिरवायचं झाकण हवं. सगळं सामान कुलपाच्या कपाटात ठेवा. लिक्विड बनवायचं ते मुलगी झोपल्यावर, नायट्राइलचे हातमोजे घालून, कारण निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. सांडलं तर लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. मुलीने थोडंही चाखल्याची शंका आली तर उलटी होते का याची वाट बघत बसू नका. ती शुद्धीवर आणि ठीक दिसत असेल तर 111 (ब्रिटनचा आरोग्यसल्ल्याचा फोन), पेंगत असेल, झटके येत असतील किंवा श्वास बिघडला असेल तर 999 (आणीबाणीचा फोन).

इथून पुढे जे लिहितोय ते ब्रिटनसाठी. तिथे स्वतःपुरतं लिक्विड मिसळायला हरकत नाही, पण विकायचं नाही. 2016च्या नियमांनुसार दुकानात मिळणारं निकोटीनचं लिक्विड 20 मिग्रॅ प्रति मिलीपेक्षा तीव्र आणि 10 मिलीहून मोठ्या बाटलीत नसतं. ही मर्यादा घरी बनवणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. ऑनलाइन कुठूनतरी 72 किंवा 100 मिग्रॅचं निकोटीन मागवून स्वस्तात काम उरकायचा मोह होईल, तो टाळा. 100 मिग्रॅच्या निकोटीनमध्ये 1 मिलीची चूक म्हणजे 100 मिलिग्रॅमची चूक. 18 मिग्रॅच्या शॉटमध्ये तीच चूक 18ची होते.

आता तुमच्या तीन बाटल्या. पहिलीची जळकी चव चुकीच्या प्रमाणामुळे आली असणार. व्हीजी मधासारखं दाट असतं. छोट्या पॉडच्या 0.8 ते 1.2 ओहमच्या कॉइलला (कापसातलं लिक्विड तापवणाऱ्या तारेला) लिक्विड आत यायची भोकं बारीक असतात. 80 टक्के व्हीजी त्यातून वेळेवर झिरपत नाही, मग कापूस कोरडा पडतो आणि पुढच्या झुरक्याला तोच जळतो. असा पॉड 50-50वर चालवायचा, म्हणजे निम्मं व्हीजी आणि निम्मं पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल, व्हीजीपेक्षा पातळ द्रव). 70-80 टक्के व्हीजी मोठ्या टाकीसाठी असतं, जिथे भोकं मोठी आणि वॅट जास्त. एकदा जळलेल्या कॉइलची चव परत येत नाही, तेव्हा नवं लिक्विड जुन्या पॉडमध्ये घालून बघू नका.

दुसरी बाटली झणझणली त्याचं कारण बहुधा शिळं निकोटीन. ताजा शॉट पाण्यासारखा स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असतो. हवा, उजेड आणि उष्णता लागली की तो तपकिरी होत जातो आणि घशाला मिरीसारखा लागतो. उघडलेला शॉट त्याच दिवशी पूर्ण वापरायचा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. आमच्या मते बाटली 60 मिलीची करण्याचं खरं कारण हेच, ते खाली हिशेबात दिसेल.

तिसऱ्या बाटलीने गरगरलं, कारण ती नीट ढवळली गेली नव्हती. व्हीजी जड असल्याने तळाशी बसतं. बाटली उलटी करून भरताना तेच आधी बाहेर पडतं आणि निकोटीनचा मोठा वाटा शेवटच्या मिलींमध्ये राहतो. मळमळ, घाम, तोंडाला पाणी सुटणं, छातीत धडधड ही जास्त निकोटीनची लक्षणं. तशी जाणवली की झुरके थांबवा आणि ती बाटली टाकून द्या, पाणी घालून वाचवू नका. यापुढे भरलेली बाटली किमान 2 मिनिटं जोरात हलवा, 10 मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा. दाट व्हीजी गार असताना हट्टी असतं. म्हणून शॉट घालायच्या आधी फक्त व्हीजीची बाटली कोमट पाण्यात 10 मिनिटं ठेवायला हरकत नाही. निकोटीन घातल्यावर मात्र ऊब द्यायची नाही.

थेंबांचा हिशेब का चुकतो? 20 थेंब म्हणजे 1 मिली, ही समजूत औषधांच्या ड्रॉपरवरून आली आहे. पातळ फ्लेवरचा थेंब लहान पडतो, व्हीजीचा मोठा, आणि नळीचं टोक बदललं की सगळंच बदलतं. चवीपुरतं कोणी थेंब मोजत असेल तर मोजो, निकोटीन थेंबांनी कधीच मोजायचं नाही. सिरिंज त्यापेक्षा बरी, पण दाट व्हीजी ओढताना आत हवेचे बुडबुडे जातात, भिंतीला थर चिकटून राहतो, रबराचा दट्ट्या फुगतो आणि प्रत्येक वस्तूला वेगळी सिरिंज धुवावी लागते. वजनाच्या पद्धतीत सगळं एकाच बाटलीत, काट्यावर ठेवूनच ओतता येतं. म्हणून आमचा कौल वजनाला.

काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा आणि 200 ते 500 ग्रॅम पेलणारा घ्या. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. काटा खरं सांगतो का हे खिशातल्या नाण्यांनी तपासता येतं. ब्रिटनचं बारा कडांचं 1 पौंडाचं नाणं 8.75 ग्रॅमचं, 2 पेन्सचं 7.12, 1 पेन्सचं 3.56. झिजलेली नाणी थोडी कमी भरतील, म्हणून 4-5 एकत्र ठेवून बघा. स्वस्त काट्यांत एक खोड असते, ती ठाऊक नसेल तर वेड लागायची वेळ येते. शून्याच्या जवळ असताना सावकाश पडणारे थेंब काटा स्वतःचीच हालचाल समजून पुसून टाकतो, आकडा 0.00च राहतो आणि बाटलीत फ्लेवर जात राहतो. म्हणून प्रत्येक वस्तूनंतर शून्य करू नका, एकूण वजनाची बेरीज चालू ठेवा. आणि मधेच आपोआप बंद होणारा काटा असेल तर आतापर्यंतचा आकडा कागदावर लिहीत चला.

वजनाच्या पद्धतीत सगळ्यात जास्त चूक एकाच ठिकाणी होते. ग्रॅम आणि मिली एकच समजले जातात. पीजी 1 मिली म्हणजे 1.036 ग्रॅम, व्हीजी 1 मिली म्हणजे 1.261 ग्रॅम. कृतीत 37 मिली व्हीजी लिहिलेलं असताना 37 ग्रॅम ओतलं, तर प्रत्यक्षात 29.3 मिलीच पडतं. बाटली पातळ होते आणि निकोटीन ठरवल्यापेक्षा तीव्र. पीजीतल्या बहुतेक फ्लेवरना 1 मिलीला 1 ग्रॅम धरलं तरी चालतं.

आता 60 मिलीची बाटली, 9 मिग्रॅ, 50-50, फ्लेवर 10 टक्के. 18 मिग्रॅचा, 50-50चा एक शॉट 10 मिलीचा, म्हणजे 180 मिलिग्रॅम. 60 मिलीत 9 मिग्रॅ हवं तर 540 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे बरोबर 3 शॉट. त्यांतून 15 मिली पीजी आणि 15 मिली व्हीजी आपोआप येतं. फ्लेवर 6 मिली, तेही पीजीतलं. मग सुटं पीजी 9 मिली आणि सुटं व्हीजी 15 मिली. बेरीज 60. वजनात शॉट 34.46 ग्रॅम, फ्लेवर 6.00, पीजी 9.32, व्हीजी 18.92, एकूण 68.70. क्रम असा ठेवा : आधी फ्लेवर, मग पीजी, मग व्हीजी, शेवटी निकोटीन. फ्लेवरमध्ये हात चुकला तर फक्त फ्लेवर वाया जातं, महागाचं निकोटीन नाही. शेवटी काटा 68.70च्या आसपास नसेल तर कुठेतरी चुकलंय. ती बाटली ओढू नका.

निकोटीन कमी करण्याचं तुमचं काम या हिशेबात फार सोपं होतं. 60 मिलीत प्रत्येक शॉट म्हणजे 3 मिग्रॅ. 3 शॉट 9 मिग्रॅ, 2 शॉट 6, एक शॉट 3. एक शॉट काढला की त्याच्या जागी 5 मिली पीजी (5.18 ग्रॅम) आणि 5 मिली व्हीजी (6.31 ग्रॅम) घालायचं. बाकी काहीच बदलत नाही, चवही तीच राहते, त्यामुळे फरक अंगावर येत नाही. आधी तीन-चार आठवडे एका पायरीवर राहा. पायरी उतरल्यावर जर दिवसभर पॉड तोंडाशीच राहू लागला किंवा सिगारेटची आठवण यायला लागली, तर निःसंकोच वरच्या पायरीवर परत या. सिगारेट परत सुरू होण्यापेक्षा 9 मिग्रॅवर आणखी महिनाभर राहणं केव्हाही चांगलं. सॉल्ट निकोटीनचा (आम्ल मिसळलेल्या निकोटीनचा) शॉट घेतलात तर हिशेब तोच, फक्त घशाला ठसका कमी लागतो, त्यामुळे किती ओढलं याचा अंदाज चुकतो.

वेलचीचं तेल आणि आंब्याचं इसेन्स : दोन्ही नाही, एक थेंबही नाही. तेल पीजीसारखं वाफ होऊन निघून जात नाही, त्याचे बारीक थेंब फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यातून न्यूमोनिया होतो. 2019मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी 2020पर्यंत तिथे 2,807 जण रुग्णालयात गेले आणि 68 जण दगावले. त्यामागे मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट होतं, तेही तेलकटच. पोटात गेलेलं जे निरुपद्रवी असतं ते फुप्फुसात निरुपद्रवी असेलच असं नाही. किराणा दुकानातल्या इसेन्समध्ये रंग, साखर, कधी तेल असतं. साखर कॉइलवर करपते. म्हणून बाटलीवर ‘पीजी बेस’ लिहिलेले, व्हेपसाठीच विकले जाणारे फ्लेवर घ्या, आणि डायअॅसिटिल किंवा अॅसिटिल प्रोपिओनिल असलेले क्रीम-कस्टर्ड घेऊ नका. लोण्याचा वास देणारी ही रसायनं श्वासातून फुप्फुसाच्या बारीक नळ्यांना इजा करतात. चांगले विक्रेते ती आहेत की नाहीत हे लिहितात. लिहिलेलं नसेल तर विचारा, उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडून घ्या.

ग्लिसरीनही कुठलंही चालत नाही. लेबलवर ईपी किंवा यूएसपी (औषधी दर्जाच्या शुद्धतेची खूण) हवं. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले ते औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघाल्यामुळे, आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोड. डोळ्यांनी किंवा जिभेने ओळखता येत नाहीत. उद्योगासाठी विकलेलं स्वस्त ग्लिसरीन घरात आणायचं नाही, याला एवढं कारण पुरेसं आहे.

आमरसाकडे येऊ. आंबा, थोडं क्रीम, अगदी किंचित वेलची. सरळ तिघांना मिसळून बघितलं तर काय बिघडलं ते कळणार नाही, म्हणून प्रत्येक फ्लेवर आधी एकटा ओढून बघायचा. निकोटीनशिवाय 10 मिलीच्या तीन बाटल्या करा, आंबा 3, 5 आणि 8 टक्के. 10 मिलीत 5 टक्के म्हणजे 0.5 ग्रॅम. तुमच्या काट्यावर त्यात एका थेंबाचाच फरक पडेल. आंब्याचे फ्लेवर कमी प्रमाणात पाणचट आणि जास्त प्रमाणात राळेसारखे लागतात. बहुतेकांचं 5च्या आसपास जमतं, तरी कंपनीगणिक फरक असतो. क्रीम 1 ते 2 टक्के.

वेलची जबरदस्त. 0.3 टक्के पुरते आणि 1 टक्क्याला तोंड औषधी लागतं. पण 10 मिलीत 0.3 टक्के म्हणजे 0.03 ग्रॅम, एक थेंबच. तो काट्यावर मोजणं अशक्य. म्हणून आधी वेलचीचं विरजण करा : 1 ग्रॅम फ्लेवर 9 ग्रॅम पीजीत. आता त्याचे 0.30 ग्रॅम घेतले की बरोबर 0.3 टक्के. गारवा देणारी द्रव्यं, दालचिनी, मेंथॉल यांनाही हीच युक्ती. दालचिनी आणि लिंबाचे काही फ्लेवर प्लॅस्टिकच्या टाकीला तडे पाडतात, ते पॉडमध्ये नकोच. फार गोड करण्यासाठी सुक्रालोज घालू नका, एका आठवड्यात कॉइल काळी पडते.

चव तपासायची पद्धत. जिभेवर थेंब ठेवून काही कळत नाही, आणि निकोटीन असेल तर ते करायचंच नाही. बाटली हुंगून फक्त ढोबळ अंदाज येतो. खरी चव गरम झाल्यावरच. चाचणीसाठी पॉड खराब करू नका. कापूस बदलता येणारा छोटा ड्रिपर घ्या, कापसावर 3-4 थेंब, कमी वॅट. सुरुवातीला फ्लेवर नसलेलं नुसतं पीजी-व्हीजी ओढून बघा. त्यालाच चव आली तर कापूस किंवा कॉइल दोषी. प्रत्येक नव्या फ्लेवरला नवा कापूस. दिवसाला 3-4 हून जास्त फ्लेवर नकोत, नाक थकतं आणि सगळंच सारखं लागायला लागतं. मधे पाणी प्या. बाटलीवर नाव न लिहिता आकडे लिहा आणि वहीत टक्के, तारीख, चव टिपा, म्हणजे ‘5 टक्के चांगलं असणार’ असं आधीच ठरवून ओढलं जाणार नाही. मत विचारायचं तर जो आधीपासून व्हेप ओढतो त्यालाच. न ओढणाऱ्याला ‘चव बघ’ म्हणून कधीच देऊ नका.

आता मुरवणं. फळांचे फ्लेवर एक-दोन दिवसांत तयार होतात. क्रीम, व्हॅनिला, कस्टर्ड यांना 2 ते 4 आठवडे लागतात. बाटलीत खरोखर काहीतरी घडत असतं : अल्कोहोल हळूहळू उडतो, आणि व्हॅनिलिनसारखी काही द्रव्यं पीजीशी जुळून नवी संयुगं तयार होतात. म्हणून चव गोलसर होते आणि रंग गडद होतो. व्हॅनिला-क्रीममध्ये रंग गडद झाला म्हणजे निकोटीन बिघडलं असं नाही, फक्त फळांच्या बाटलीत तो गडद झाला तर शंका घ्या. घाई म्हणून बाटली गरम पाण्यात तासन् तास ठेवणं, झाकण उघडून वारा देणं यांत चव उडते आणि निकोटीन शिळं होतं. आमरसाची चाचणी दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी करा. एकविसाव्या दिवशी वेलची पुढे सरसावलेली असते, म्हणून सुरुवातीला ती कमीच ठेवा.

निकोटीन तपासता येतं, साध्या अनुमापनाने, म्हणजे रंग बदलेपर्यंत किती आम्ल लागतं ते मोजून. 1 मिली लिक्विड (50-50 असेल तर 1.15 ग्रॅम) 10-15 मिली शुद्ध केलेल्या पाण्यात घ्या, ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे (आम्लाने रंग बदलणाऱ्या द्रव्याचे) दोन-तीन थेंब टाका. पाणी निळं होईल. आता 1 मिलीच्या सिरिंजने 0.1 नॉर्मल गंधकाम्ल अगदी हळू घाला आणि हलवत राहा. निळं आधी हिरवं होतं, मग पिवळं. पिवळं टिकलं की थांबा. जितके मिली आम्ल लागलं त्याला 16.2ने गुणलं की मिग्रॅ प्रति मिली. 9 मिग्रॅच्या बाटलीला 0.55 मिली आम्ल लागायला हवं. 0.05 मिलीची चूक झाली तर 0.8 मिग्रॅची चूक, म्हणून दोनदा करून सरासरी घ्या. चाचणीचं पाणी सिंकमध्ये भरपूर पाणी सोडून वाहून घालवा, हातमोजे ठेवूनच. ही चाचणी सॉल्ट निकोटीनला चालत नाही, कारण त्यात बेंझोइक आम्ल आधीच मिसळलेलं असतं आणि आकडा खोटा कमी येतो. प्रत्येक बाटलीला ही चाचणी लागत नाही. एखादी बाटली नेहमीपेक्षा जड वाटली किंवा वजनाची बेरीज जुळली नाही तर मात्र ओढून अंदाज घेण्यापेक्षा ही करा.

पुण्याबद्दल. भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक, साठवण सगळंच बंद आहे, आणि त्यात रिकामा पॉड, लिक्विड असे भाग वेगळे मोजले तरी सुटका नाही. आयातीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘माझ्यापुरतंच आहे’ हे उत्तर विमानतळावर उपयोगी पडत नाही, म्हणून यंत्र आणि बाटल्या लेस्टरलाच कुलपात ठेवा. प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी 6 मिग्रॅच्या पायरीवर उतरा आणि निघण्याआधी तुमच्या भागातल्या एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) धूम्रपानमुक्ती सेवेकडून निकोटीनचे पॅच किंवा गम घेऊन ठेवा. 2 मिग्रॅचा गम पुण्यातही औषधाच्या दुकानात मिळतो. गम सतत चघळायचा नाही. दोन-चार वेळा चावून झणझणायला लागला की गालात ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा, आणि आधीच्या 15 मिनिटांत चहा किंवा कॉफी घ्यायची नाही, कारण तोंड आंबट असताना निकोटीन शोषलंच जात नाही.